पाटीखालचा कागद

१२ जानेवारी २०२३

सुभेदार हरिबा भावजींस, मुक्काम पाली, राजगडाच्या वाटंवर, लिंबू-सरबताच्या गाड्याम्होरं.

वैनीचा नमस्कार. पटला तर घ्या, न्हाईतर परत धाडा, टिकाट तुमी लावा.

तुमच्या फोनातली बाई चार वर्सं मला एकच सांगती, की तुमी फोन उचलत न्हाई. तिचा मला राग न्हाई, ती तरी बोलती. तुमचं दादा गेलं आन् मागनं माजा दीर बी गेला असं धरून चालले व्हते. पर परवा भोरच्या स्टँडवर तुमच्या गावची एक बाई भेटली. म्हणली, सुभेदाराच्या काळ्या मिश्या बघून पुण्याच्या पोरी दोन-दोन गिलास सरबत घेत्यात. म्हंजी जित्तं हायसा. कलप कोणता लावता तेवडं कळवा, हितं आमच्या म्हशीला लावीन म्हणते, गिऱ्हाईक बरं येईल.

आता कामाचं. आपल्या पोराच्या, इंद्रजितच्या, सजेच्या सात वर्सांतली अडीच सरली. फौजेच्या कोर्टानं दिलेल्या सजेवर मुंबईला फौजेचंच ट्रिब्युनल असतंय, तिथं अर्ज लागलाय. पुण्याच्या नूतन वकीलबाई बघत्यात. त्या म्हणत्यात, सगळी केस एका कागदावर हाय.

त्यो कागद तुमच्या अक्षरातला. दादा जाऊन चवथा दिस व्हता. वाडीत रेंज न्हाई म्हणून पोरानं पलटणीत तुमचा नंबर दिल्ता. तुमाला फोन आला, रजा बंद, अट्ठेचाळीस तासांत हजर व्हा. तुमी वहीच्या कागदावर निरोप उतरून घेतला, वर तारीख, वेळ, खाली सही, आन् मोटरसायकल मारत भाटघरच्या मागं आमच्या वाडीवर आलात. पोरगं नदीला गेल्तं. कागद कुणाच्या हातात दिलात भावजी?

माज्या. उंबऱ्यात. च्या टाकते म्हणलं तर गाडीवरनं उतरला बी न्हाईत.

आन् फौजेच्या चौकशीत तुमी सांगितलंत, निरोप म्या सोता पुतन्याच्या हातात दिला. वकीलबाईंनी दावलं. खाली तुमची सही, टोकाला ती शेपटी काढता ती सुदा.

म्या तुमाला खोटारडं म्हणत न्हाई. इंद्रजितच्या जागंवर ते स्वरूप नावाचं पोरगं पुढं गेलं आन् तोफगोळ्यात गेलं. तुमाला राग आल्ता. रागात माणूस बोलतंय. पर आता एक कागद लिवून द्या, की निरोप वैनीच्या हातात दिला. एवडंच. पुढं त्या कागदाचं काय झालं, ते माजं म्या बघते.

तुमची वैनी,
रतन


९ फेब्रुवारी २०२३

भावजी,

उत्तर आलं न्हाई, म्हंजी पत्र पोचलं. न पोचलेलं पत्र परत तरी येतंय.

तुमी मनात म्हणत असाल, चवथी शिकलेली बाई, हिला कायदा काय कळतोय. तर ऐका. वकीलबाईंनी मला टेबलावर दोन पेनं ठिवून शिकवलंय. एक पेन म्हंजी पळून गेलेला शिपाई, भगोडा. दुसरं पेन म्हंजी रजा सपल्यावर उशिरा आलेला शिपाई. दोन्ही पेनं आठ दिस गैरहजर. फरक मनात काय व्हतं याचा. निरोप मिळूनबी जायचं टाळलं तर भगोडा, सात वर्सं. निरोप मिळालाच न्हाई तर उशीर, त्येची सजा कवाच भोगून झाली, पोरगं उद्या घरी. म्हंजी माजं पोरगं आन् घर, ह्यांच्या मदी तुमचं एक वाक्य हाय.

म्या इचारलं, बाई, लढाई तर झालीच न्हाई. टीव्हीवर चार दिस विमानं उडली आन् गपगार. मंग लढाईवरनं पळाला कसा म्हणत्यात? तर त्या हसल्या. म्हणल्या, हीच मेख हाय. सरकारनं एक कागद काढून ठिवलाय, माजं लगीन व्हायच्या आदीचा. त्यात म्हणलंय, फौजेतला हरेक माणूस, कुठं बी असू दे, लढाईवर हाय असं मानावं. म्हंजी भावजी, तुमी नोकरीत असताना इंद्रजितच्या बारशाला आमच्या मांडवात पंगतीला वाढत व्हता तवा बी लढाईवर व्हता. लाडू दोनच वाढला मला, तेबी सरकारी हुकमानं असंल.

मंग म्या म्हणलं, हे कोर्ट इचारीत न्हाई व्हय सरकारला, की बाबा कुठं हाय लढाई, दाव? त्या म्हणल्या, कोर्ट सगळं इचारतं. जमीन कुणाची, पोरगं कुणाचं, बायकू नांदती का न्हाई. पर लढाई हाय का न्हाई हे म्हणत्यात सरकारनं ठरवायचं, आमचं काम न्हाई. आन् घटनेत तेहतीस नंबरचं कलम हाय. घटनेनं सगळ्यास्नी हक्क वाटलं आन् शिपायाच्या ताटापाशी येऊन म्हणली, ह्येला जरा हात राखून वाढा, शिस्तीसाठी.

वकीलबाई तरीबी त्यो मुद्दा लढणार हाईत. पर म्हणल्या, मावशी, त्या दगडावर डोकं म्या आपटते, तुमी दिराचं बघा.

तर तुमचं बघते हाय. दिराचं आन् दगडाचं डोकं सारखंच, ते जाऊ द्या.

रतन


१ मार्च २०२३

भावजी,

दोन पत्रांत मस्करी केली, आता खरं लिवते. तुमी सही का करत न्हाई ते मला ठावं हाय. तुमाला वाटतंय, वैनीनं कागद दिलाच असणार पोराला, मंग कुणाच्या हातात दिला ह्येनं काय फरक पडतोय.

म्या दिला न्हाई.

दादांनी जीव सोडला तिथं दिवा ठिवला व्हता ना, ताटात पीठ पसरून, वर बांबूची पाटी पालथी घालून. तेराव्यापातूर त्या पाटीला कुणी हात लावत न्हाई, तेल घालणारं सोडून. तेल म्या घालत व्हते. तुमची गाडी वळणाआड गेली आन् म्या पाटी उचलली, ताट वाईच तिरकं केलं आन् कागद ताटाखाली सारला. घरात त्याहून भारी जागा नव्हती. चोर आला असता तर त्यानं बी पाया पडून पाटी तशीच सोडली असती.

मनात एवडंच व्हतं, की बापाचा दहावा-तेरावा होऊ दे. एकुलता एक. पिंड कुणी द्यायचा? फौजेत लाख माणसं हाईत, एक आठ दिसांनी गेला तर काय हिमालय ढासळतोय. असं वाटलं. मला काय ठावं, की एका माणसाची जागा म्हंजी एकाच माणसाची जागा असती, आन् तिथं दुसऱ्याचं पोरगं हुबं करत्यात.

दहाव्याला तुमी नदीवर आलात, पोराला बघून भुवया वर नेल्यात. म्या हळूच म्हणलं, साहेबानं तेराव्यापातूर सवलत दिली. तुमी मान हलवलीत. तुमच्यासारख्या फौजी माणसाला म्या चवथीच्या बाईनं बनवलं, त्येचाच तर तुमाला जास्त राग हाय. खरं का न्हाई?

तेराव्याला माणसं यायच्या आदी म्या कागद काढून घेतला. मंग सगळ्यांनी पाटी उचलून पीठ बघितलं, मेलेला कोणत्या जल्माला गेला त्येची खूण पिठात उमटती म्हणून. तीन बोटं उमटली व्हती, तुमाला आठवत असंल. सगळी म्हणली, पाखरू झालं, चिमाजी पाखरू झाला. तुमीच आदी म्हणालात. तवापासनं अंगणात एक व्हला येतोय, त्याला म्या तांदळाची कणी टाकते. म्हणते, या धनी, जित्तेपणी कणीचा भात केला की ताट सारायचा, आता कसं ग्वाड लागतंय. त्यो मान वाकडी करून बघतोय, अगदी दादांगत.

माणसं पांगल्यावर कागद पोराला दिला. म्हणलं, आत्ताच आला रं. त्यानं घडी उलगडली, तारीखसुदा बघितली न्हाई, पिशवी भरायला लागला. म्या देवाचं उपकार मानलं.

फौजेच्या कोर्टात त्यानं तोंड उघडलं न्हाई. म्या बी न्हाई. मला वाटलं, चार-सहा म्हैन्यांची व्हईल, कशाला आपली अब्रू काढायची. सात वर्सं ऐकली तवा बसलेली व्हते म्हणून बरं.

आता म्या सगळं शपथेवर लिवून देणार हाय. पर वकीलबाई म्हणत्यात, आईच्या सांगण्याला वजन न्हाई, दिरानं तिच्या हातात कागद दिला हे दिरानं सांगितलं तरच ती साखळी जुळती.

तुमच्या पाया पडते असं लिवणार व्हते. पर तुमी धाकटं, मीच तुमचं नाक पुसलंय.

रतन


११ एप्रिल २०२३

भावजी,

वकीलबाईंकडं तुमचं शपथपत्र पोचलं. मला एक ओळ न्हाई, नसू दे. बाईंनी वाचून दावलं. "चौकशीत दिलेली माझी जबानी खोटी होती." शेपटीवाली सही. म्या बाईंच्या हापिसात रडले न्हाई, खाली एस.टी.त रडले. कंडक्टरनं इचारलं, मावशी, तिकीट हरवलं का.

तुमाला ह्येचं काय मोल पडणार ते बाईंनी सांगितलं. शपथेवर खोटं बोललो असं सुभेदारानं कबूल करणं. माजी सैनिकांच्या मेळाव्यात आता तुमाला कोण खुर्ची देईल? मला कळतंय. कळतंय म्हणून मस्करी करवत न्हाई, आन् मस्करी केल्याबिगर तुमाला काय लिवावं ते कळत न्हाई.

एक सांगते, इंद्रजितला म्या अर्जात काय लिवलंय ते सांगितलं न्हाई. सही कर म्हणलं, त्यानं केली, तो हल्ली कशालाच का म्हणत न्हाई. आईनंच कागद दडवला हे त्याला सुटून आल्यावर सांगीन. आत असताना कळलं आन् भेटायचं बंद केलं तर म्या काय करू.

रतन


२४ जुलै २०२३

भावजी,

मुंबईत एका बाकावर दोन टोकांना बसून आलो. मदी चार वकील. तुमी बगितलं न्हाई माज्याकडं, म्या तुमच्याकडंच बघत व्हते.

मिश्या पांढऱ्या.

कलप कवापासनं सोडलात? इचारणार व्हते, पर तुमी मागच्या दारानं गेलात.

वर दोघं बसल्यालं. एक जज्ज आन् एक फौजेतनं रिटायर झालेलं मोटं साहेब. आदी वकीलबाई त्या जुन्या कागदावर बोलल्या. लढाई नसताना वर्सानुवर्सं सगळ्या शिपायांना लढाईवर मानायचं, मंग शांतता म्हंजी फकस्त कॅलेंडरावरचं चित्र काय, असं म्हणल्या. मला लई आवडलं. जज्ज म्हणालं, हा सवाल ह्या खोलीत सुटायचा न्हाई. पान उलटलं.

मंग सरकारी वकिलानं तुमाला हुबं केलं. तुमी सावधान हुबं. त्यानं इचारलं, "तेव्हा खोटं बोललात, की आत्ता?"

तुमी म्हणालात, "तेव्हा."

"शपथेवर?"

"शपथेवर."

पापणी हलली न्हाई तुमची. म्या तुमाला इतकी वर्सं बघत आले भावजी, पर तुमची उंची म्या त्या दिशी बघितली.

आन् मंग माजी पाळी. मीच घाण केली. सरकारी वकिलानं इचारलं, बाई, कागद ताटाखालीच का ठेवला? मला भ्या वाटलं, आन् भ्यालं की माज्या तोंडातनं मस्करी निगती, ही जलमाची खोड. म्या म्हणलं, घरात तिजोरी न्हाई साहेब. मागची माणसं हसली. जज्ज बी वाईच हसलं. रिटायर साहेब हसलं न्हाई. त्यांनी सावकाश इचारलं, तेरा दिवस घरी माणसं येत होती, सगळीकडं सीमेचीच चर्चा होती, तुमच्या मुलाला काहीच कळलं नाही?

म्या म्हणलं, आमच्याकडं मयताला आलेली माणसं मेलेल्याची निंदा करत्यात, सीमेची न्हाई.

कुणीच हसलं न्हाई. वकीलबाईंनी डोळं मिटलं.

रतन


५ सप्टेंबर २०२३

भावजी,

निकाल लागला. अर्ज फेटाळला.

बाईंनी एकेक वाक्य मराठी करून सांगितलं. शिपायाला लढाईवर मानायचं का न्हाई ह्यो सरकारचा अधिकार, त्यात हात घालायला कारण दिसत न्हाई. दिराची जबानी चार वर्सांनी पलटली, ती घरच्यांच्या दबावानं असू शकती. आन् आई "नैसर्गिक ममतेपोटी" सांगती हाय, इस्वास ठिवता येत न्हाई. जलमभर खोटं बोलले ते सगळ्यांनी खरं मानलं. एकदा खरं बोलले तर त्याला ममता म्हणाले.

त्या तिजोरीमुळं तर न्हाई ना बाई, म्या इचारलं. त्या न्हाई म्हणाल्या. पर लगेच न्हाई म्हणाल्या न्हाईत.

दिल्लीचं मोटं कोर्ट राहिलं. तिथं जायला कायद्याचा मोटा सवाल लागतोय, आन् त्यो जुन्या कागदाचा सवाल मोटाच हाय, असं बाई म्हणत्यात. त्यांचा चेहरा उजळला व्हता, डाक्टरला अवघड पेशंट मिळाल्यावर उजळतो तसा. म्या म्हणलं, करा.

स्टँडवरची तुमच्या गावची बाई परत भेटली. पंधरा ऑगस्टला शाळंत झेंडा तुमच्या हातानं वर गेला न्हाई म्हणली. बारा वर्सांत पयल्यांदा. तुमी कुंपणाभाईर हुबं राहून सलाम केलात आन् गाड्यावर गेलात, असं म्हणली.



रतन


६ ऑक्टोबर २०२३

भावजी,

हे पत्र तीन दिस लिवती हाय. दोनदा चुलीपाशी नेलं.

निकाल इंद्रजितच्या हातात पडला, सगळा, त्याला इंग्रजी वाचता येतंय. सोमवारी भेटाय गेले तर त्यो जाळीपल्याड आदीच बसल्याला. म्हणाला, "आये, तू हे का केलंस?"

मला वाटलं, कागद दडवल्याचं म्हणतोय. म्या हात जोडले. म्हणलं, बापाचा पिंड व्हावा म्हणून रं.

त्यो म्हणाला, "ते न्हाई. हे कोर्टाचं. मला इचारायचं तरी."

मंग त्यानं सांगितलं. तुमी येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिशी, दुपारी, माणसं जेवून गेल्ती, माजा भितीला टेकून डोळा लागला. दिवा मंद झाला. मला उठवायचं त्याच्या जिवावर आलं, म्हणून त्यानंच पाटी उचलली आन् तेल घातलं. ताट एका अंगाला कललं व्हतं. सरळ कराय गेला तर खाली कागद. तुमचं अक्षर. वाचलं, घडी घातली, परत तिथंच सारला. पीठ घसरलं व्हतं, ते बोटांनी सावरलं.

म्या इचारलं, "मंग गेला का न्हाईस?"

त्यानं नखानं जाळीचा गंज खरवडला. मंग म्हणाला, "भ्या वाटलं, आये. जायचं नव्हतं मला. तू दडवलंस ते बघून बरं वाटलं. म्हणलं, आता माज्यावर न्हाई."

शेजारच्या जाळीवर एक बाई मोठ्यानं भांडत व्हती, ते ऐकत बसलो दोघं. मंग म्हणाला, स्वरूप त्याच्या खाटंशेजारी झोपायचा. झोपेत बोलायचा. दिल्लीला जायचं न्हाई, बाईंना सांग. म्या सही देणार न्हाई.

म्या मस्करी शोधत व्हते भावजी. खरंच सांगते, जाळीला बोटं घालून एखादी शोधत व्हते. येळ संपला.

म्हंजी तुमी चौकशीत सांगितलंत, की निरोप पोराला पोचला. ते खोटं सांगितलंत, पर खरं निगालं. आन् म्या तुमाला ओढून नेऊन शपथेवर जे सांगायला लावलं ते खरं व्हतं, पर त्यातनं जे म्हणायचं व्हतं ते खोटं. कोर्टानं आपल्यावर इस्वास ठिवला न्हाई तेच बराबर झालं. तुमचा झेंडा गेला, कुंपणाभाईर गेलात, आन् कशासाठी, तर कशासाठीच न्हाई. ह्ये तुमाला कळलं नसतं तर बरं व्हतं. निदान पोरासाठी केलं म्हणून मिश्यांवर हात फिरवला असता.

पर एक कागद म्या दडवला, त्येचं काय काय झालं ते बघितलं. ह्यो दडवत न्हाई. उद्या भोरला जाऊन सोता पेटीत टाकते. वाचून झाल्यावर काय वाटंल ते वाटू द्या. फोन उचलायचा न्हाई तर नका उचलू, आता त्या बाईची सवय झालीया.

आज सकाळी पितरांचं पान ठिवलं. व्हला आला. मान वाकडी करून हुबा, कणीची वाट बघत.

त्या पिठातली तीन बोटं इंद्रजितची व्हती.

म्या बराच येळ सूप हातात घिऊन बसले. मंग टाकली कणी. पाखरूच हाय ते, त्येला काय ठावं.

रतन